उरलेलं अन्न आणि झिपची पिशवी

उरलेली भाजी झिपच्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये कोंबली, की आपल्याला वाटतं अन्न वाचवलं. अहो, वाचवलं कसलं, लपवलं!

टिकवणं म्हणजे काय, ते बिदर-कलबुर्गीकडे बघावं. ज्वारीची पातळ कडक भाकरी, वाळवून खडखडीत केलेली. ना वीज, ना प्लॅस्टिक. आठवडेच्या आठवडे टिकते. आणि शिजवलेलं? मार्गशीर्षातल्या येळवशीला तिथली माणसं भज्जी नि आंबील घेऊन शेतात जातात, वाटसरूलाही पंगतीला बसवतात.

आपलं पुरुमेंतही सुक्या-खारवलेल्या जिनसांचंच. शिजलेलं जास्त झालं तर वाटी शेजारी जायची. आता शेजाऱ्याचा तो वाटा पिशवीत गोठतो आणि महिन्याभराने कचऱ्यात जातो. झिप लावण्याआधी एकदा शेजारचं दार वाजवून बघा.