दावा एक, दरवाजे दोन

विम्याचा हप्ता भरताना अमेरिकन ग्राहकाला एकच कंपनी दिसते. दाव्याची रक्कम मागताना मात्र त्याच्यासमोर दोन न्यायसंस्था उभ्या राहतात. एक त्याच्या राज्याची, दुसरी संघराज्याची. कोणत्या दारातून आत शिरायचे हा वरकरणी वकिलांच्या डावपेचांचा प्रश्न. प्रत्यक्षात अनेकदा दाव्याचे भवितव्य उंबरठ्यावरच ठरते, आणि दार निवडण्याचा शेवटचा अधिकार बहुधा विमेदाराकडे राहत नाही.

विमा हा तेथे परंपरेने राज्यांचा विषय. १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने विमा हा आंतरराज्य व्यापार असल्याचा निर्णय दिला, तेव्हा काँग्रेसने पुढच्याच वर्षी मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून नियमनाचा अधिकार राज्यांकडेच राखला. तरीही पक्षकार भिन्न राज्यांचे असतील आणि वादाची रक्कम ७५ हजार डॉलरहून अधिक असेल, तर तंटा संघीय न्यायालयात जाऊ शकतो. परक्या राज्यातील पक्षकाराला स्थानिक पक्षपात सोसावा लागू नये, हा या जुन्या व्यवस्थेमागील हेतू. बलाढ्य विमा कंपन्यांना तीच स्थानिक ज्यूरी टाळण्याची पळवाट म्हणून उपयोगी पडली. मात्र १९३८ च्या ईरी रेल्वे खटल्यापासून अशा वादात संघीय न्यायाधीशालाही राज्याचाच कायदा लावावा लागतो. न्यायाधीश बदलला तरी हक्क बदलत नाही, एवढा दिलासा येथे आहे.

नोकरीतून मिळणाऱ्या विम्यात तोही उरत नाही. १९६३ मध्ये स्टुडबेकर मोटारींचा साउथ बेंड येथील कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांची निवृत्तिवेतने बुडाली. अशा अनुभवांतून १९७४ चा ‘एरिसा’ कायदा जन्मला. कामगारांच्या संरक्षणासाठी केलेल्या या कायद्याने राज्यांचे संबंधित कायदे निष्प्रभ ठरविले. १९८७ च्या पायलट लाइफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा परिणाम स्पष्ट केला: कंपनीने अप्रामाणिकपणे दावा नाकारला, तरी राज्याच्या कायद्यानुसार नुकसानभरपाई मागता येणार नाही. राज्य न्यायालयात दाखल केलेला असा दावा कंपनी संघीय न्यायालयात नेते, आणि तेथे राज्याचा कायदा दाराबाहेरच राहतो. ज्यूरी सामान्यतः नसते, दंडात्मक भरपाई नसते. फार तर मूळ देय रक्कम आणि न्यायालयाच्या मर्जीने वकिलाचा खर्च मिळतो.

२००४ च्या एटना हेल्थ खटल्यात या नियमाची कठोरता उघडी पडली. आरोग्य योजनेने उपचार मंजूर न केल्यामुळे प्रकृतीची हानी झाल्याची तक्रार घेऊन टेक्सासमधील दोन रुग्ण आले होते. त्यांच्या राज्याच्या कायद्याचा आधार न्यायालयाने एकमताने काढून घेतला. मात्र न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी स्वतंत्र निकालपत्रात या व्यवस्थेचा फेरविचार व्हावा, असे आग्रहाने सुचविले.

विसंगती तर अशी की सरकारी शाळेतील शिक्षकाचा विमा ‘एरिसा’च्या कक्षेबाहेर, पण शेजारच्या खासगी कारखान्यातील कामगाराचा आत. आजार एक, विमा कंपनी एक. न्याय मात्र दोन प्रकारचा. खासगी कंपन्यांत नोकरी करणारी असंख्य मराठी कुटुंबेही याच दुसऱ्या रांगेत उभी आहेत.

पन्नास राज्यांत पन्नास नियम लागू झाले तर मालक विमा देणेच थांबवतील, हा प्रतिवाद पोकळ नाही. नियमांची एकरूपता हवी हे मान्य. पण एकरूपता म्हणजे उपायाचा अभाव नव्हे. नाकारलेला दावा पुढे हरला तरी जी रक्कम मुळातच द्यायची होती तीच द्यावी लागणार असेल, तर विलंबाने कंपनीचे काय बिघडते? भारतातील ग्राहक कायदा सेवेतील त्रुटीबद्दल वेगळी भरपाई देऊ शकतो, ती याच जाणिवेने.

२००१ मध्ये अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी रुग्णहक्कांची विधेयके संमत केली, परंतु त्यांचा मेळ बसला नाही. २०१० च्या आरोग्य कायद्याने नकाराची बाह्य तपासणी आणली. झालेल्या हानीची भरपाई नव्हे. ही उणीव न्यायालये भरून काढू शकत नाहीत, कारण कायद्याचे शब्द काँग्रेसचे आहेत. खटला कोणत्याही दारातून आत येवो, आत न्याय मिळेल एवढी तजवीज करणे हे तिचेच कर्तव्य आहे. कामगाराच्या रक्षणासाठी घडविलेली ढाल विमा कंपनीच्या हाती राहू देणे, हा १९७४ च्या हेतूचाच पराभव होय.