पापणीची परीक्षा

निरोगी मनुष्याची पापणी मिनिटांत सुमारें १५ वेळां लवते. वर्गांतील मुलांस आम्हीं घड्याळ समोर ठेवून शेजाऱ्याच्या पापण्या मोजावयास सांगितल्या, तेव्हां मोजणी सुरू होतांच पापण्यांनीं आपला नित्यक्रम सोडला व बराच हशा पिकला. परंतु ज्याची पापणी लवतच नाहीं, त्याची गोष्ट हंसण्यासारखी नाहीं.

डोळा उघडणारा स्नायु एका मज्जातंतूच्या स्वाधीन असतो, व मिटणारा दुसऱ्याच्या. हा दुसरा, चेहऱ्याचा मज्जातंतु, निकामी झाला म्हणजे डोळा उघडाच राहतो. बुबुळ कोरडें पडतें, त्यावर व्रण होतो आणि दृष्टिही जाऊं शकते. वरच्या पापणींत सोन्याचें इवलेंसें वजन बसविण्याचा एक उपाय आहे. तो चांगला, मात्र माणूस उताणा निजला कीं वजनाचें कांहीं चालत नाहीं.

अमेरिकेंत बोस्टन येथील संशोधकांनीं विजेच्या सौम्य स्पंदांनीं पापणी मिटविण्याचा प्रयोग ४० रुग्णांवर केला व २०१५ सालीं तो प्रसिद्ध केला. शेकडा ५५ जणांचा डोळा पुरता मिटला. निरोगी डोळा लवला कीं यंत्रानें तें ओळखावें व त्याच क्षणीं दुसरा मिटवावा, अशी पुढील योजना. उरलेल्या ४५ चा आंकडा लपविला गेला नाहीं, याचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. आमचें म्हणणें निराळें आहे. परीक्षेस बसले कोण? ज्यांचा पक्षाघात ताजा होता, असेच रुग्ण.

आमच्या देशांत डोळा उघडा ठेवणारा एक जुना रोग म्हणजे कुष्ठरोग. त्यांत हाच मज्जातंतु बिघडतो. पुष्कळदां त्यास वर्षें लोटलेलीं असतात, बुबुळाची संवेदनाही गेलेली असते, आणि कित्येकांचे दोन्ही डोळे तसेच असतात. मग यंत्रानें इशारा घ्यावा कोणत्या डोळ्याकडून?

गतवर्षीं आम्ही मुलांस एका कुष्ठधामांत घेऊन गेलों होतों. तेथील एक वृद्ध गृहस्थ बोलतां बोलतां मधूनच दांत आवळीत. मुलें कुजबुजलीं, "बाबा आपल्यावर दांतओठ खात आहेत." तें त्यांच्या कानीं गेलें. ते म्हणाले, "रागावलों नाहीं रे बाळांनो, डोळा मिटतों आहें." शस्त्रवैद्यांनीं कानशिलाजवळच्या चावण्याच्या स्नायूची पट्टी त्यांच्या पापण्यांपर्यंत आणून जोडली होती. दांत आवळले कीं डोळा मिटे. पण तें दिवसभर आठवणीनें करावें लागे. विसरलें कीं डोळा उघडाच.

आमच्या मतें नव्या यंत्राची खरी परीक्षा अशा बाबांपाशीं आहे. ती कठीण आहे, हें आम्ही जाणतों. सोपे परीक्षार्थी प्रथम बसविणें यांतही गैर कांहीं नाहीं. पण तेथेंच थांबूं नये. अशा रुग्णांपैकीं शेकडा ५ जणांचा जरी डोळा मिटला, तरी तो आंकडा आम्ही वर्गाच्या फळ्यावर आनंदानें लिहूं.