उधारीच्या दोन तऱ्हा

कृष्णाकाठी घर एकदा बांधून भागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले; धोक्याची पातळी आहे ४५ फुटांची. जुलै २०२१ मध्ये पुराने पुन्हा तेच घडविले. पूर ओसरल्यानंतर फुगलेली दारे, सुटलेला गिलावा आणि गंजलेले नळ बदलावयाचे असतात. अशा वेळी सामान कोठे मिळेल, यापेक्षा त्याचे पैसे केव्हा द्यावयाचे हाच प्रश्न मोठा असतो. सातारा-सांगलीतील शिक्षक वा कारकून पगारदारांच्या पतसंस्थेत कर्जाचा अर्ज करतो आणि कर्ज हाती येईपर्यंत पेठेतील हार्डवेअरच्या दुकानदाराची वही त्याला तारून नेते.

या वहीला पर्याय देऊ पाहणाऱ्या एका मोठ्या व्यवसायाची कथा म्हणूनच येथे पाहण्यासारखी आहे. किशोर बियाणी यांच्या फ्यूचर समूहाने २००७ मध्ये नोएडा येथे 'होमटाऊन'चे पहिले दालन उघडले. फरशीपासून पलंगापर्यंत घराला लागणारे सारे एकाच छपराखाली मिळावे, ही कल्पना. पुण्यासह अनेक शहरांत अशी दालने निघाली. कल्पना वाईट नव्हती. भाव लिहिलेला, माल डोळ्यांसमोर आणि पावती हातात, या तीन गोष्टी आपल्या पेठेत आजही सहज मिळतात असे कोणी म्हणणार नाही.

तथापि ही कल्पना ज्या देशांतून आली, तेथील गृहस्थ सुटीच्या दिवशी स्वतः हातोडी घेतो. आपल्याकडे नळाचा आटा कोणत्या मापाचा हे प्लंबरला ठाऊक. बिजागरी सुतार निवडतो, सिमेंट गवंडी सांगतो. घरमालक केवळ पैसे मोजतो. (दुकानदाराकडून मिस्त्रीला काय मिळते, हे मालकाला सहसा कळत नाही, पेठेच्या व्यवहाराची ही काळी बाजू झाकण्याचे कारण नाही.) अमेरिकेच्या 'होम डेपो'ने २००६ मध्ये चीनमध्ये पाऊल टाकले आणि २०१२ मध्ये तेथील उरलेली सातही मोठी दुकाने बंद केली, तेथील माणूस काम स्वतः करीत नाही, करवून घेतो, हे तिला उशिरा उमगले. ब्रिटनमधील 'होमबेस' ही साखळी एका ऑस्ट्रेलियन कंपनीने २०१६ मध्ये ३४ कोटी पौंडांना घेतली आणि २०१८ मध्ये एका पौंडाला विकली! माणसे घर कसे बांधतात हे ठाऊक नसताना दुकान थाटले, की भांडवल कितीही असले तरी अपुरेच पडते.

होमटाऊनचा व्यवसाय २०१७-१८ मध्ये वेगळ्या कंपनीकडे गेला. तोट्याने मात्र पाठ सोडली नाही. मूळ समूहाची गत तर त्याहून वाईट झाली. कर्ज काढून दुकाने, दुकानांच्या जोरावर पुन्हा कर्ज, असा तो गाडा होता. २०२० च्या टाळेबंदीत तो रुतला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये रिलायन्सशी २४,७१३ कोटी रुपयांचा सौदा ठरला. ॲमेझॉनने त्यास हरकत घेतली, प्रकरण न्यायालयांतून फिरले आणि एप्रिल २०२२ मध्ये धनकोंच्या नकारानंतर सौदा मोडला. त्याच वर्षी जुलैमध्ये 'फ्यूचर रिटेल' दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२४ मध्ये तिच्या विसर्जनाचा आदेश निघाला.

गिऱ्हाइकाला वहीवर माल न देणारी ही दुकाने स्वतः उधारीवरच चालत होती, यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. पेठेतील दुकानदार उधार देतो तेव्हा ऋणकोचे घर, नोकरी, वडील त्याला माहीत असतात. बुडाले तर त्याचे स्वतःचे बुडते. म्हणून तो हात राखून देतो. मोठ्या साखळीची उधारी मात्र माल पुरविणाऱ्या लहान कारखानदाराच्या माथी बसते आणि त्याला गिऱ्हाइकाच्या ताळेबंदाची गंधवार्ताही नसते.

कायदा येथे त्याच्या मदतीला कितपत येतो? लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. परंतु कंपनी विसर्जनात निघाली की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा क्रम लागू होतो. प्रक्रियेचा खर्च आधी, मग तारण घेतलेल्या बँका आणि कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन. माल पुरविणारा रांगेत कितीतरी मागे. बँकेने तारण घेतले होते, व्याजही घेतले होते. मिरजेच्या वा साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदाराजवळ केवळ चलनाची प्रत असते. कामगारांच्या वेतनाला संहितेने जसे बँकांच्या जोडीला बसविले, तसे लघुउद्योगांच्या निदान शेवटच्या काही महिन्यांच्या येण्याला बसविण्यास संसदेला कोणती अडचण आहे? बँका विरोध करतील, हे उघड आहे. पण कोणाला किती कर्ज द्यावे हे तपासण्याची यंत्रणा बँकांपाशी असते, कारखानदारापाशी नसते. तपासात कसूर झाली तर तिचा भार आधी कोणी सोसावा, याचा निर्णय या भेदावरून व्हावयास हवा.