गोधडीवरचे चित्र कोणाच्या हातचे?

आपल्या घरातली गोधडी बहुतेक वेळा चौकोनी तुकड्यांची असते. जुन्या साड्या, ओढण्या, सदरे फाडून जोडलेली. अमेरिकेतल्या बायकाही अशाच गोधड्या शिवत. मात्र त्यांच्या काही चौकोनांत चित्रेही असत. शाळेचे घर, फुलांची टोपली, ससा, आणि सर्वांत लाडकी म्हणजे मोठ्या टोपीत तोंड लपवलेली एक छोटी मुलगी. तिला सगळे ‘सनबॉनेट स्यू’ म्हणतात.

ही मुलगी गोधडीवर जन्मली नाही, पुस्तकातून आली. बर्था कॉर्बेट या चित्रकर्तीने १९०० साली अशा टोपीवाल्या मुलींचे पुस्तक काढले. १९०२ मध्ये तिच्याच चित्रांचे बालवाचन पुस्तक निघाले आणि ती घरोघरी पोहोचली. मग बायकांनी तिला कापडावर उतरवले. शिवायलाही ती सोपी. तोंड टोपीत झाकलेले, त्यामुळे डोळे-नाक भरण्याची कटकट नाही. टोपी, झगा, हात आणि पाय एवढे तुकडे कापून चौकोनावर शिवले की झाले. झग्याला लेकीच्या आखूड झालेल्या फ्रॉकचा तुकडा लावला, तर गोधडीत लेकीचे बालपणच साठवले जाई.

पुढे वर्तमानपत्रांनी हे काम हाती घेतले. १९१६ साली ‘कॅन्सस सिटी स्टार’ या पत्राने रुबी मॅकिम हिची चित्रे छापली. थॉर्नटन बर्जेस यांच्या गोष्टींतले प्राणी तिने सरळ रेघांत मांडले होते, म्हणजे नवशिक्या हातालाही भरतकाम जमावे. १९२८ पासून १९६१ पर्यंत त्याच पत्रात गोधडीचे हजारावर नमुने आले. त्यांतले कितीतरी वाचक बायकांनीच पाठवलेले होते, आणि पाठवणारीचे नाव-गाव नमुन्याबरोबर छापले जाई. शेतावर राबणाऱ्या बाईला आपले नाव पेपरात पाहून काय वाटले असेल!

पण याला दुसरी बाजूही आहे. टपालाने नमुने विकणाऱ्या कंपन्या ‘लॉरा व्हीलर’, ‘ॲलिस ब्रूक्स’ अशी नावे छापत. या नावाच्या बाया प्रत्यक्षात नव्हत्याच. नमुना काढणारी कोणी वेगळीच असे, आणि ती पडद्याआड राहून जाई. घरात शिवलेल्या असंख्य गोधड्यांचेही तेच झाले. स्यू ओळखू येते, पण तिला शिवणारी कोण होती, ते सांगणारे कोणी उरले नाही.

हे वाचताना माझे लक्ष आमच्या नानीच्या गोधडीकडे गेले. टाके इतके बारीक आणि एकसारखे, की आजही एक सुटलेला नाही. पण ती कोणत्या साली, कोणत्या नातवंडासाठी शिवली, हे घरात आता कोणालाच ठाऊक नाही. नानी होती तेव्हा एकदा विचारले असते तर!

म्हणून सांगते, यंदा गोधडी शिवाल तेव्हा पाठीमागे एका कोपऱ्यात पांढऱ्या कापडाचा छोटा तुकडा लावा. त्यावर उलट टिपेने आपले नाव, गाव आणि साल भरा. आणि घरात अम्मी, नानी किंवा दादी असेल, तर तिच्या गोधडीची हकीकत आजच तिच्या तोंडून ऐका आणि लिहून ठेवा.