उपकाराची मालकी

बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर आले, आणि तेथेच त्याच्या विपर्यासासही आरंभ झाला. फुले विकणाऱ्या एलायझाला प्राध्यापक हिगिन्स पैजेखातर उमरावांची बोली शिकवितो. पैज जिंकताच ती त्याचे घर सोडते. परंतु हिगिन्सची भूमिका करणारे हर्बर्ट बीरबोम ट्री अखेरीस तिच्याकडे फुले फेकून प्रेमाचा आभास निर्माण करू लागले. शॉ यांनी १९१६ साली उपसंहार लिहून बजावले की, एलायझा फ्रेडीशी विवाह करते, हिगिन्सशी नव्हे. तरीही १९३८ च्या चित्रपटाने आणि १९५६ च्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेने तिला हिगिन्सच्या दारी परत आणलेच!

प्रेक्षकांस गोड शेवट हवा असतो, ह्यात बिघडले काय, असे आपण विचाराल. दस्तऐवजाचा अर्थ तो करून देणाऱ्याच्या हेतूवरून लावावा, हा कायद्याचा दंडक आहे. शिकविणारा शिकणाऱ्याचा धनी होत नाही, हा ह्या नाटकाचा हेतू. एलायझा माणूस होतीच. कर्नल पिकरिंग ह्यांनी पहिल्याच दिवशी 'मिस डूलिटल' अशी हाक मारली, तेथून आपला स्वाभिमान जागा झाला, असे ती स्वतःच सांगते. शुद्ध उच्चारांची शिकवणी त्यानंतरची!

२०१८ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये त्या संगीतिकेचा पुनःप्रयोग झाला, त्यात एलायझा अखेर निघून गेली. जुनी नाटके पुन्हा उभी करणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे: विनोद खुशाल रंगवा, पण उपकाराच्या फेडीत माणूस गहाण टाकू नका.