छंद आणि फुरसत : हातांत पेलणारें दूरभिंग

‘मामंजींस पक्षी टिपण्याचा नाद आहे, पण जड भिंग व तिवई आतां झेपत नाहींत. छंद सोडावा काय?’ असें एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे. सोडूं नये, असें आम्ही स्वानुभवानें सांगतों; साठीनंतर आमचेंही मनगट असेंच रुसलें होतें.

निकॉनचें ३०० मिलिमीटरचें, २०१५ सालीं निघालेलें हलकें भिंग ७५५ ग्रॅमांचें आहे. त्याचा पूर्वज जवळजवळ दुप्पट जड होता. दीपस्तंभाकरितां फ्रेनेल यानें योजिलेल्या भिंगासारखीं, पण फार सूक्ष्म वलयें यांतील एका कांचेवर असल्यामुळें थोडक्या कांचेंत रंगदोष आवरतो. मात्र प्रखर दिवा चौकटींत आल्यास त्याभोंवतीं रंगीत कडें उमटूं शकतें.

तिवई नसतां कोपरें बरगड्यांशीं टेकवावीं, डाव्या तळव्यावर भिंग तोलावें आणि अर्धा श्वास सोडून कळ हलकेच दाबावी. प्रकाशकाल १/३०० सेकंदाहून अधिक नसावा, हा जुना आडाखा. कंपनिवारक यंत्रणेमुळें तो वाढवितां येतो. पण ती आपला हात सांवरते, पक्ष्याचे पंख नव्हेत. उडत्या पक्ष्यास १/२००० सेकंदच बरा.

गेल्या हिवाळ्यांत भिगवण येथें उजनीच्या जलाशयावर आम्हीं नावेंतून रोहित पक्षी टिपले. ‘काका, आणखी जवळ नेऊं का?’ नावाड्यानें विचारलें. थवा उठला असता तर त्यांचें चरणें मोडलें असतें, म्हणून आम्हीं नको म्हटलें. चित्रांत पक्षी लहान आले. पण एकही जागचा हलला नाहीं.