नव्वद टक्के झाले, मग मी काय करू?

नेटवर्क मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर उभं करणं हल्ली फार अवघड राहिलेलं नाही. नागिओस घ्या, झॅबिक्स घ्या, प्रोमिथियस घ्या. स्विचवर एसएनएमपी चालू केलं, तयार टेम्प्लेट लावलं, की संध्याकाळपर्यंत ग्राफ दिसायला लागतात. साहेब खूश. पण त्या टेम्प्लेटबरोबर तयार अलर्टसुद्धा ढिगाने येतात. सीपीयू ९० टक्के, डिस्क ९० टक्के, पोर्ट डाऊन, पोर्ट अप, पिंगला उशीर. सगळे चालूच असतात आणि ते बंद करायची कोणाची हिंमत होत नाही. बंद केला आणि नेमकं तेच झालं तर? म्हणून राहू द्या. हे सगळं शेवटी ज्याच्या मोबाईलवर जाऊन पडतं तो माणूस सहसा ते ठरवणाऱ्यांत नसतो. माझं भांडण आहे ते इथे.

वाळूजच्या एका कारखान्यातली गोष्ट सांगतो, नाव नको. रात्रपाळीला कंत्राटावरचा एक मुलगा होता, जालन्याकडचा, वय तेवीस-चोवीस. त्याला एका रात्रीत दीड-दोनशे अलर्ट मेल यायचे. त्याने आपण सगळे करतो तेच केलं. मेलला एक नियम लावला आणि सगळे अलर्ट एका फोल्डरमध्ये वळवले. फोल्डरचं नाव 'नंतर बघू' :) एका सोमवारी क्वालिटी विभागाच्या सर्व्हरची डिस्क भरली आणि एक लाईन काही तास बंद पडली. मीटिंग झाली. प्रोजेक्टरवर दाखवण्यात आलं की बघा, शुक्रवारीच अलर्ट आला होता, सिस्टिमने तर सांगितलं होतं! मी नेटवर्कच्या वेगळ्याच कामासाठी तिथे होतो, म्हणून ऐकायला मिळालं. मुलगा म्हणाला, "सर, नव्वद टक्के झाले हा मेल रोजच येतो. नव्वद टक्के झाले, मग मी काय करू?"

आणि खरंच, काय करणार होता तो? फाईल डिलीट करायची परवानगी त्याला नव्हती. स्टोरेज बघणाऱ्याचा रात्रीचा नंबर त्याच्याकडे नव्हता. त्या सर्व्हरवर ९० टक्के म्हणजे आठवडाभर आरामात चालेल की दोन तासांत बोंबलेल, हेही मेलमध्ये नव्हतं. माझ्या मते त्या खोलीत विचारला गेलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. पुढे त्याचं कंत्राट वाढलं नाही. ९० हा आकडा ज्याने ठेवला होता त्याला कोणी काही विचारलं नाही.

हे फक्त वाळूजचं नाही. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीच्या नेटवर्कमध्ये २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये चोर शिरले. त्यांनी नुकतंच विकत घेतलेलं फायरआय नावाचं महागडं सॉफ्टवेअर होतं, आणि त्याने ३० नोव्हेंबरला अलर्ट दिला. तो बघणारी टीम आपल्या बेंगळुरूत बसलेली होती. त्यांनी तो मिनिआपोलिसच्या मुख्यालयाला कळवलासुद्धा. तिकडे कोणी हललं नाही. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. फरक एवढाच की तिथे पुढच्या वर्षी आधी सीआयओ आणि मग सीईओने पद सोडलं. आपल्याकडे कंत्राटी पोरगा घरी जातो.

मॅनेजर लोकांचं यावर एक ठरलेलं उत्तर असतं. शंभर फालतू आले तरी चालतील, पण एक खरा सुटता कामा नये. ऐकायला बरोबर वाटतं. पण शंभर फालतू आले की तो एक सुटतोच, कारण बघणारं डोकं एकच असतं आणि पहाटे तीनला ते पेंगत असतं.

आता आपल्याच गावचं उदाहरण घ्या. जायकवाडीत किती पाणी आहे हा आकडा पावसाळ्यात आपण सगळे रोज वाचतो. नाथसागर ६२ टक्के, ७० टक्के, ८५ टक्के. चहाच्या टपरीवर त्यावर चर्चा होते, यंदा तरी नळाला वेळेवर पाणी येणार का वगैरे. पण तो आकडा वाढला म्हणून कोणी रात्री पैठणकरांना उठवत नाही. भोंगा वाजतो तो धरणाच्या २७ दरवाज्यांपैकी काही उघडायचे असतील तेव्हा. तो ऐकणाऱ्याला काय करायचं ते ठाऊक असतं: नदीपात्रातून बाहेर या, मोटारी काढा, जनावरं वर हलवा. ऑगस्ट २००६ मध्ये पैठणमध्ये पाणी शिरलं होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना तर अजिबात सांगावं लागत नाही. टक्केवारी हा झाला ग्राफ, भोंगा हा अलर्ट. आपण सॉफ्टवेअरवाले टक्केवारीलाच भोंगा जोडून ठेवतो. पुण्याच्या आयआयटीएमचं विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप बघा, तेसुद्धा तुमच्या जागेपासून २० आणि ४० किलोमीटरच्या हिशेबात बोलतं आणि काय करायचं तेही सांगतं.

गंमत म्हणजे हे सगळं नीट करायच्या सोयी सॉफ्टवेअरमध्ये आहेत, वर्षानुवर्षं आहेत. आपल्या एमआयडीसीत लाईट जाणं काही नवीन नाही. लाईट गेली, मुख्य स्विच पडला, की त्याच्यामागचे तीस-चाळीस स्विच आणि कॅमेरे एकदम लाल. तीस-चाळीस एसएमएस. नागिओसमध्ये प्रत्येक यंत्राचा 'पालक' कोण ते लिहून ठेवता येतं, मग पालक पडला की पोरांबद्दल ते बोंबलत नाही, एकच मेसेज येतो. झॅबिक्समध्ये हेच ट्रिगर डिपेंडन्सीने होतं. एकदा पिंग चुकला की लगेच ओरडायचं नाही, तीन-चार वेळा तपासून मग ओरडायचं, हीही सोय आहे. डिस्कचं म्हणाल तर झॅबिक्सच्या २०१६ मधल्या ३.० आवृत्तीपासून डिस्क किती वेळात भरेल याचा अंदाज काढणारं फंक्शन आहे. 'डिस्क ९० टक्के' यापेक्षा 'या वेगाने चार तासांत भरेल, अमुक फोल्डरमधले जुने लॉग काढा, जमलं नाही तर अमुकला फोन करा' असा मेसेज त्या मुलाला गेला असता तर? लिहायला दहा मिनिटं लागतात. पण बसून लिहायचं कोणी? (आमच्या स्विचांची नावं अजून 'एयूआर'ने सुरू होतात. शहराचं नाव २०२३ मध्ये बदललं, होस्टनेम बदलायला कोणाला सवड नाही. तर हे कुठून होणार!)

आता याची दुसरी बाजू. फालतू अलर्ट कमी केले की फोन शांत होतो, पण शांत म्हणजे ठीक असं नाही. मॉनिटरिंगचा सर्व्हर त्याच खोलीत, त्याच यूपीएसवर असेल तर लाईट गेल्यावर तोही मरतो आणि एकसुद्धा मेसेज येत नाही. काय छान रात्र! म्हणून बाहेर कुठेतरी, दुसऱ्या शहरात म्हणा, एक छोटा पहारेकरी हवा. त्याला दर पाच मिनिटांनी 'मी आहे' असा निरोप जायला हवा आणि निरोप चुकला की त्याने बोंब मारावी.

शांततेचं मोठं उदाहरण पुण्यात घडलंय. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेची क्लोन केलेली कार्डं वापरून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमार्फत आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. युक्ती काय होती? एटीएमची विनंती स्विचमधून बँकेच्या मुख्य सिस्टिमकडे जाते आणि ती खात्यात पैसे बघून हो-नाही म्हणते. चोरांनी मध्ये स्वतःचा नकली स्विच बसवला, आणि तोच सगळ्याला 'हो' म्हणत होता. मुख्य सिस्टिमपर्यंत प्रश्न पोचतच नव्हता. अशा वेळी तिथल्या सीपीयूवर, डिस्कवर कितीही अलर्ट लावा, वाजणार काय? असली गोष्ट पकडायची तर दोन टोकांचे आकडे एकमेकांशी ताडून बघावे लागतात. बाहेरून किती विनंत्या आल्या आणि आत किती पोचल्या? फरक दिसला की उठवा, कितीही वाजले असू देत. असा अलर्ट कुठल्याच टेम्प्लेटमध्ये तयार मिळत नाही, कारण तो लिहायला धंदा कसा चालतो ते माहीत असावं लागतं. तयार शंभर अलर्ट चालू ठेवणं त्यामानाने सोपं, आणि ऑडिटमध्ये दिसायलाही बरं.

आमच्या टीममध्ये सध्या एक नियम आहे. नवा अलर्ट ज्याला हवा, त्याने पहिले पंधरा दिवस रात्रीचा फोन स्वतःकडे ठेवायचा. पद कुठलंही असो. मॅनेजरसाहेबांनी मोठ्या हौसेने वीसेक अलर्ट सुचवले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते लाल डोळ्यांनी आले आणि न बोलता त्यातले निम्मे बंद करून टाकले. उरलेल्यांपुढे आता काय करायचं ते मराठीत लिहिलेलं आहे, फोन नंबरासकट.

पहिल्याने फोन उचलला नाही तर किती मिनिटांनी दुसऱ्याला लावायचा, यावर मात्र आमचं अजून एकमत नाही. मी दहा म्हणतो, बाकीचे तीस. त्याबद्दल पुढच्या शनिवारी लिहीन, तोपर्यंत भांडण मिटलं तर.